पिकअपला ट्रेलरचा हुक : वेल्ड कुठे, बोल्ट कुठे?

आपल्या व्यापारी बांधवांपैकी बऱ्याच जणांच्या दारात आता स्वतःची पिकअप उभी असते. आमच्या कापडाच्या धंद्यात टॉवेल, चादरी आणि रेडीमेडचे गठ्ठे वजनापेक्षा जागा जास्त खातात. हौदा भरला तरी गाडीची ताकद शिल्लक असते. मंडपवाल्यांना जनरेटर, फॅब्रिकेशनवाल्यांना वेल्डिंग सेट, बांधकामवाल्यांना मिक्सर मागे जोडून न्यायचा असतो. मग कुणीतरी सुचवतो, मागे एक हुक बसवून घ्या, छोटा ट्रेलर ओढता येईल. नाक्यावरचा वेल्डर संध्याकाळपर्यंत हुक लावूनही देतो.

हे काम दिसायला सोपे आहे. मात्र हुक तुटला तर नुकसान फक्त मालाचे होत नाही. सुटलेला ट्रेलर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यावर जातो. म्हणून हुक बनवून घेणारा व्यापारी आणि बनवणारा कारीगर या दोघांनी या कामातले काही मुद्दे समजून घेतले पाहिजेत. आम्ही ते येथे क्रमाने मांडत आहोत.

आधी कागद, मग लोखंड

वेल्डरकडे जाण्यापूर्वी दोन ठिकाणी विचारणा करावी. पहिले ठिकाण गाडीचे मॅन्युअल व डीलर. गाडी ट्रेलर ओढण्यासाठी आहे की नाही आणि असल्यास किती वजनाचा, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. कंपनी नाही म्हणत असेल तर विषय तिथेच संपवावा. इंजिनाने ट्रेलर ओढला म्हणजे ब्रेक तो थांबवतील असे नाही.

दुसरे ठिकाण आरटीओ. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या निकालात हीच गोष्ट ठामपणे सांगितली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 182-अ आले. त्यानुसार परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र मोटार वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी आणि वेगळा थर्ड पार्टी विमा लागतो. परवानगीशिवाय बसवलेल्या हुकामुळे अपघात झाला तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. वर्षभराचा नफा एका दाव्यात जाऊ शकतो, हे व्यापाऱ्याने विसरू नये.

हुकावर जोर किती येतो?

युरोपात स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा मालासकट 750 किलो आहे. आमचे मत असे की घरच्या पद्धतीने बनवलेल्या हुकाने या आकड्याच्या पुढे जाण्याचा विचारच करू नये. खालचा सगळा हिशेब 750 किलोचाच आहे.

सपाट रस्त्यावर 750 किलोचा ट्रेलर ओढायला फारसा जोर लागत नाही. खरा जोर येतो तो ब्रेक मारताना, गिअर टाकताना आणि खड्ड्यात. युरोपातील हुकाच्या नियमात यासाठी एक हिशेब आहे. गाडीचे वजन आणि ट्रेलरचे वजन यांचा गुणाकार करायचा आणि त्याला दोन्हींच्या बेरजेने भागायचे. भरलेली पिकअप 2800 किलो आणि ट्रेलर 750 किलो धरला तर उत्तर सुमारे 590 किलो येते. म्हणजे हुकाला जवळपास 600 किलोचा जोर धरून तयार करायचे. हा जोर एकदा पुढे, एकदा मागे, असा सतत उलटसुलट येत राहतो.

याशिवाय ट्रेलरच्या दांड्याचे वजन हुकावर खाली दाबते. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या किमान दहावा हिस्सा असले पाहिजे, म्हणजे आपल्या उदाहरणात 75 किलो. त्यापेक्षा कमी असेल तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलू लागतो. म्हणून जड गठ्ठे ट्रेलरच्या चाकांच्या थोडे पुढे ठेवावेत, मागे कधीच नाही.

हुक मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबतो, त्यामुळे येथे तराजूचा नियम लागतो. दोन चाकांतले अंतर 3 मीटर आणि मागच्या चाकापासून हुक 1.2 मीटर असेल तर हुकावरचे 75 किलो पुढच्या चाकांवरून 30 किलो उचलतात आणि मागच्या चाकांवर 105 किलो टाकतात. हौदा भरलेला असेल तर हे वजन मालातून वजा करावे लागते. नाहीतर मागचे पाटे दबतात आणि स्टिअरिंग हलके पडते.

फाटते कुठे?

आता मुख्य मुद्दा. आमचा रोजचा संबंध कापडाशी आहे, म्हणून त्यातलेच उदाहरण देतो. पक्क्या धाग्याने शिवलेला कपडा ओढला तर बहुधा धागा तुटत नाही, शिलाईच्या बाजूचे कापड फाटते. वेल्डचेही तसेच आहे. चांगल्या रॉडचा टाका मूळ लोखंडापेक्षा कमजोर नसतो. पण टाक्याच्या अगदी कडेला, जिथे वेल्ड संपून मूळ लोखंड सुरू होते, तिथे जागा तापून थंड झालेली असते आणि तिथे एक बारीक खाच राहते. चीर तिथूनच निघते.

दुसरे उदाहरण दुकानातले. थानातून कापड फाडायचे असेल तर आपण काठाला कात्रीने बारीकशी चीर देतो आणि मग हाताने सरळ फाडतो. काठ शाबूत असेल तर तेच कापड सहजी फाटत नाही. गाडीच्या चासीलाही असेच काठ असतात. चासीच्या चॅनेलची वरची आणि खालची आडवी बाजू, जिला कारीगर फ्लँज म्हणतात, तिथे सर्वांत जास्त ताण असतो. त्या काठावर वेल्ड मारणे किंवा होल पाडणे म्हणजे कापडाला काठावर चीर देणेच होय. त्या दिवशी काहीच होत नाही. पुढे लाखो हेलकाव्यांनंतर चीर वाढत जाते.

म्हणून या लेखाचा सार एकाच नियमात सांगता येतो. हुकाचा सांगाडा वेल्ड करा, पण तो चासीला वेल्ड करू नका. चासीला तो बोल्टने, उभ्या बाजूवर जोडा.

या नियमाला आणखी एक कारण आहे. बोल्टचा जोड तपासता येतो, आवळता येतो, बदलता येतो. चासीवर मारलेला वेल्ड चुकला तर तो कापताना चासीच खराब होते.

लोखंड कोणते आणि किती?

सांगाड्याचे भाग मोजकेच आहेत. एका बाजूच्या चासीपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारा आडवा दांडा, दोन टोकांना दोन उभ्या प्लेटी, मध्यभागी गोळा बसवायची प्लेट आणि तिला आधार देणारे तिकोनी तुकडे.

आडव्या दांड्यासाठी अनेक जण अँगल किंवा उघडे चॅनेल वापरतात. ते योग्य नाही. गोळा दांड्याच्या 15 सेंटिमीटर खाली असेल तर 600 किलोचा जोर दांड्याला पिळतो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला 90 किलोचा माणूस लोंबकळावा, तेवढा हा पीळ असतो. उघडे चॅनेल पिळाला कच्चे असते. बंद चौकोनी पाइप त्याच वजनात कितीतरी पटीने टिकतो. 80 बाय 80 मिलिमीटरचा, 5 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घ्यावा. त्याचे वजन मीटरला सुमारे साडेअकरा किलो भरते.

बाजूच्या प्लेटी 10 मिलिमीटर जाड, साधारण 300 बाय 150 मिलिमीटर. मधली प्लेट 12 मिलिमीटर. लोखंडाच्या पत्र्याचे वजन काढणे सोपे आहे. एक मिलिमीटर जाड आणि एक चौरस मीटर पत्रा 7.85 किलो भरतो. या हिशेबाने दोन्ही प्लेटींचे मिळून 7 किलो होतात. त्यांच्याऐवजी 6 मिलिमीटरच्या प्लेटी टाकल्या तर वाचतात ते पावणेतीन किलो लोखंड. सगळा सांगाडा 23-24 किलोंचा. पावणेतीन किलोंच्या बचतीसाठी कुणाच्या जिवाशी खेळ करायचा का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

भंगारातला माल घेताना विशेष सांभाळावे. जुन्या पाट्याची पट्टी किंवा रेल्वे रुळाचा तुकडा जाडजूड दिसतो, पण त्या लोखंडात कार्बन जास्त असतो. साध्या पद्धतीने वेल्ड केल्यास जोडाजवळ ते काचेसारखे कडक होते आणि तडकते. गॅल्व्हनाइज्ड पाइपही टाळावा. त्यावरचे जस्त जळून निघणारा पांढरा धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री थंडी-ताप भरतो. ज्यावर आयएस 2062 लिहिलेले बिल मिळते अशीच प्लेट घ्यावी.

गोळा मात्र लेथवर कातून घेऊ नये. 50 मिलिमीटरचा फोर्ज केलेला तयार गोळा व त्याच मापाचा कपलर घ्यावा. अमेरिकन दोन इंची गोळा 50.8 मिलिमीटरचा असतो. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, पण एकाचा कपलर दुसऱ्यावर चालवू नये. ट्रॅक्टरसारखा खिट्टीचा हुकही रस्त्यावरच्या वेगाला बरा नाही. खिट्टी आणि भोक यांतल्या ढिलाईमुळे प्रत्येक ब्रेकला हातोडा बसतो.

वेल्डिंग कसे व्हावे?

प्रथम प्लेटींना ड्रिलने होल पाडावेत. गॅस कटरने होल जाळू नयेत. कंपनीने चासीच्या उभ्या बाजूवर ठेवलेले होल सापडले तर तेच वापरावेत. होलच्या मध्यापासून प्लेटच्या कडेपर्यंत किमान 25 मिलिमीटर अंतर राहावे. प्लेटी गाडीला बोल्टने लावून, दांडा मध्ये धरून खुणा कराव्यात. मग सगळे उतरवून जमिनीवर वेल्ड करावे. असे केल्याने बॅटरी, इंजिनाचा कॉम्प्युटर, डिझेल टाकी आणि वायरिंग या सगळ्यांचा धोका आपोआप टळतो. आजच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग पुष्कळ असतात. गाडीवर वेल्डिंग केल्यास ते जळू शकतात.

जोडाच्या जागेवरचा रंग, गंज, तेल ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत काढावे. 6013 नंबरचा रॉड सगळीकडे मिळतो आणि हाताळायला सोपा आहे. 7018 चा जोड जास्त चिवट होतो, पण हा रॉड ओलाव्याला फार नाजूक असतो. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला 7018 रॉड भट्टीत वाळवल्याशिवाय वापरू नये, नाहीतर वेल्डच्या पोटात बारीक तडे राहतात. साधा ट्रान्सफॉर्मर असेल आणि रॉड वाळवायची सोय नसेल तर कोरडा 6013 नीट मारलेला बरा. 3.15 मिलिमीटरच्या रॉडला साधारण 100 ते 130 अँपिअर करंट लागतो. पाइप 5 मिलिमीटरचा आणि प्लेट 10 मिलिमीटरची आहे, म्हणून आर्कचा रोख जाड प्लेटीकडे ठेवावा. नाहीतर पाइप वितळतो आणि प्लेटीवर नुसता थर चिकटतो. वरून सुंदर दिसणारा असा जोड आत मुळीच धरलेला नसतो.

टाक्याची उंची पाइपच्या जाडीइतकी, म्हणजे 5 मिलिमीटर पुरे. अशा चांगल्या टाक्याची 10 सेंटिमीटर लांबी साडेतीन टनांवर वजन पेलते आणि पाइपच्या चारही बाजू मिळून 32 सेंटिमीटर होतात. ताकद भरपूर आहे. म्हणून वेल्डचे ढीग घालण्यात अर्थ नाही, त्याने उष्णताच वाढते. लक्ष द्यायचे ते टाक्याच्या कडेकडे. कडेला खाच पडली असेल तर ती भरून ग्राइंडरने मऊ करावी. टाका कोपऱ्यावर सुरू किंवा बंद करू नये, कोपरा वळवून पुढे न्यावा. पाइपच्या मध्यभागी खालच्या बाजूला आडवा टाका मारू नये आणि तिथे होलही पाडू नये. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेतल्यास सांगाडा वाकतो. म्हणून समोरासमोर थोडे थोडे वेल्ड करावे.

बोल्ट

प्रत्येक बाजूला किमान तीन, 12 मिलिमीटरचे, डोक्यावर 8.8 असा ठसा असलेले बोल्ट घ्यावेत. ठसा नसलेला बोल्ट कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये. बोल्टचे काम खिळ्यासारखे अडकून राहण्याचे नाही. नीट आवळलेला असा एक बोल्ट दोन्ही लोखंडांना जवळपास चार टनांनी दाबून धरतो आणि त्या दाबामुळे प्लेट चासीवर घसरत नाही. ढिला बोल्ट मात्र भोकात नाचतो आणि भोक मोठे करतो. आवळण्याचे माप साधारण 8 किलोग्रॅम-मीटर आहे. म्हणजे 30 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे 27 किलोंचा जोर. टॉर्क पाना असेल तर उत्तम. नायलॉक नट वापरावेत. चासी बंद डब्याच्या आकाराची असेल तर बोल्टभोवती आत पाइपचा तुकडा घालावा, नाहीतर आवळताना डबा चेपतो.

तपासणी

सांगाड्याला रंग देण्यापूर्वी डाय पेनिट्रंटची तपासणी करून घ्यावी. तीन स्प्रेच्या डब्यांचा हा संच असतो. स्वच्छ करून लाल द्रव फवारायचा, दहा मिनिटे ठेवायचा, पुसायचा आणि पांढरी भुकटी फवारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. याला इंजिनिअरची गरज नाही, एक शागिर्दही ती करू शकतो. मात्र ही तपासणी वरवरचा तडा दाखवते, आतला नाही.

हुक गाडीवर चढल्यावर तीन धडधाकट माणसे त्यावर उभी करून बघावीत. पण एवढ्यावर समाधान मानू नये. युरोपात कारखान्यातल्या हुकाला प्रयोगशाळेत 20 लाख वेळा मागेपुढे ताणून पाहतात. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून आपली तपासणी पुढे रस्त्यावर चालू ठेवावी लागते. हुकाला फिकट रंग द्यावा. तडा गेला की त्यातून गंजाची तांबूस रेघ बाहेर येते, ती काळ्या रंगावर दिसत नाही. पहिल्या 100 किलोमीटरनंतर आणि मग 500 किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत. नट आणि प्लेट यांवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली तर नट फिरला की लगेच कळते.

दोन साखळ्या हुकाच्या खालून एकमेकींना ओलांडून बांधाव्यात. कपलर सुटला तरी ट्रेलरचा दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. ट्रेलरला ब्रेकचे आणि वळणाचे दिवे हवेतच. ट्रेलर जोडलेला नसताना गोळा काढून ठेवावा. तो नंबर प्लेट झाकतो आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या गुडघ्याला लागतो.

व्यवहाराची गोष्ट

आपल्याकडे असले काम बहुधा किलोच्या भावाने किंवा उक्ते ठरते. किलोचा भाव ठरला की कारीगर नको तिथे लोखंड वाढवतो, उक्ते ठरले की प्लेट पातळ होते आणि ग्राइंडिंग गळते. म्हणून कामाआधी एक साधी चिठ्ठी लिहावी. प्लेटची जाडी, पाइपचे माप, रॉडचा नंबर, बोल्टचा दर्जा, पेनिट्रंट तपासणी झाली की नाही, आणि जास्तीत जास्त वजन 750 किलो. दोघांच्या सह्या घ्याव्यात. तेच वजन हुकावर ठळक रंगवावे, म्हणजे उद्या ड्रायव्हर बदलला तरी त्याला कळेल. तपासणी आणि ग्राइंडिंगची मजुरी वेगळी द्यावी. ज्या कामाचे पैसे आपण देत नाही ते काम कारीगराकडून मागण्याचा हक्कही आपल्याला नाही.

कारीगर बांधवांनाही आमचे एक सांगणे आहे. गिऱ्हाईक म्हणेल, बोल्ट कशाला, चासीलाच दोन टाके मारून द्या, घाई आहे. अशा वेळी नाही म्हणावे. ते गिऱ्हाईक गेले तरी चालेल. कापड विटले तर आम्ही बदलून देतो, हुक तुटल्यावर बदलून देण्यासारखे काही उरत नाही. जो उस्ताद लेखी माप देतो, तपासणीच्या वेळी गिऱ्हाइकाला बोलावून पांढऱ्या भुकटीवर रेघ नाही हे दाखवतो आणि 500 किलोमीटरनंतर गाडी परत बोलावतो, त्याच्याकडे आमच्यासारखे व्यापारी चार पैसे जास्त देऊन जातील. परवानगी, माप आणि तपासणी या तिन्हींतले एकही जमत नसेल तर ट्रेलरचा विचार सोडावा आणि दुसरी खेप मारावी. डिझेल थोडे जास्त लागेल, पण माल आणि माणसे दोन्ही घरी पोहोचतील.